शंका राहते का?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज इंधन विभागाची यादी आली. बासष्ट अर्ज यायचेत. यानाच्या उड्डाणाला सात आठवडे उरलेत आणि त्याआधी या बासष्ट माणसांपैकी कोणाच्या हातात पाना द्यायचा, कोणाच्या नाही, हे आमच्या खोलीतून ठरायचं आहे. खोलीच्या दारावर 'विश्वासार्हता कक्ष' अशी पाटी आहे. आत तीन टेबलं आणि एक न उघडणारी खिडकी. मोठे साहेब केबिनमध्ये बसतात, बाहेर मी आणि जावकबाई. त्या आवक-जावक नोंदवतात, पण म्हणतात, "आवक आपोआप होते गं, लक्ष जावकीकडे ठेवावं लागतं." म्हणून त्या सगळ्यांच्या जावकबाई.

अर्ज चार पानी आहे. झोप, व्यसन, डोळे, घरातली भांडणं, सगळं त्यात येतं. पण खरे प्रश्न शेवटच्या पानावरचे दोन. 'गेल्या वर्षात कामात झालेल्या चुका' आणि 'काम संपल्यावर मनात शंका राहते का?' शंभरातून गुण कापत जायचे. एका चुकीला चार, शंकेला दहा. साठ किंवा जास्त उरले तर माणूस 'निःशंक', कमी उरले तर 'सशंक'. निःशंकाला निळा शिक्का, सशंकाला लाल. लाल शिक्क्याचा माणूस टाक्यांच्या कुंपणाआत जाऊ शकत नाही.

दोन्ही शिक्के माझ्या खणात असतात. निघताना कुलूप लावलं. फाटकापर्यंत गेले, परत आले, पाहिलं. लागलेलं होतं. बस गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्या पाळीचे सुपरवायझर स्वतः वीस अर्ज घेऊन आले. इतका नीट गठ्ठा या सहा महिन्यांत पाहिला नव्हता. कोपरे जुळवलेले, अनुक्रमांक घातलेले. "मॅडम, तुमचे डोळे वाचावेत म्हणून आमची धडपड," म्हणाले. जावकबाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही दिवसेंदिवस तरुण दिसताय, आमचीही जावक करा कुठेतरी." जावकबाई हसल्या नाहीत. त्या हल्ली कशालाच हसत नाहीत. सुपरवायझर मला मात्र चांगले वाटले. माणसांना धरून आहेत.

वीसपैकी एकोणीस अर्जांत चुकांच्या रकान्यात एकच शब्द. तोही अशुद्ध. 'निरंक' ऐवजी 'निरंख'. एकोणीसच्या एकोणीस.

मला वाईट वाटलं. रुजू झाले त्या आठवड्यात मी 'परिशिष्ट' चुकीचं लिहिलं होतं. मोठ्या साहेबांनी लाल पेनाने गोल करून तो कागद सगळ्यांसमोर वर धरला. "शुद्धलेखन ही विश्वासार्हतेची पहिली पायरी." मी ज्या शाळेत शिकले तिच्याच फरशा आई पुसायची. तिला अजून वाटतं की मी सगळं बरोबर लिहिते. त्या दिवशी घरी येऊन तिला काहीच सांगितलं नव्हतं.

ही माणसं तशी हसण्यावारी जाऊ नयेत. जावकबाई जेवायला गेल्यावर पांढऱ्या शाईची बाटली काढली, एकोणीस 'ख' झाकले आणि वाळल्यावर त्यावर 'क' काढला. जमेल तेवढं प्रत्येकाच्या वळणात. मान आखडली. पण दिवसभरात एवढंच काम मनासारखं झालं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांनी विचारलं, सध्या काय चाललंय. बाबा माल-धक्क्यावर पोती उचलतात. माझ्या कामाचं त्यांना भारी कौतुक. 'आमची पोर माणसं तपासते' असं धक्क्यावर सांगत असतात. मी अर्जाबद्दल सांगितलं.

"म्हणजे आपली चूक आपणच लिहून द्यायची?"

"हो."

"आपल्याच हाताने? आणि मग कामावर ठेवतात?"

"कमी असल्या तर ठेवतात."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने पाणी दिलं. "अगं, आम्हाला पोतं फाटलं तरी 'उंदराने फाडलं' म्हणावं लागतं. शहाणा माणूस काय लिहील गं?"

"खाली शपथ असते, बाबा."

"हां," डोळे पुसत म्हणाले, "शपथ आहे का? मग काही प्रश्नच नाही."

त्यांचं समाधान झालं, बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मुलाखती. दिवसाला अकरा. शेवटच्या माणसाचा चेहराच दिसेनासा होतो, फक्त तोंड हलताना दिसतं.

आज लक्षात राहिला तो गॉगलवाला. कपाळावर कायम काळा चष्मा चढवलेला असतो, खोलीत आला तरी काढत नाही. मी विचारलं, "काम संपल्यावर मनात शंका राहते का?"

"लघु की दीर्घ, मॅडम?"

मला आधी कळलंच नाही. जावकबाईंनी रजिस्टरमागे तोंड लपवलं. मग माझे कान तापले. मी प्रश्न तसाच पुन्हा वाचला.

"नाही हो. टाकीपाशी सहा तास जागा सोडता येत नाही, तेव्हा एकच शंका येते, ती बाहेर पडल्यावर फिटते. ते वर्षभरातल्या चुकांचं विचाराल तर मी फळ्यावरचं बघून बरोब्बर लिहिलंय. तपासून घ्या."

तपासलं. बरोबर होतं. सुपरवायझर विश्रांतीच्या खोलीत फळ्यावर सूचना लिहून ठेवतात, ही चांगली पद्धत आहे. सगळ्या पाळ्यांनी करायला हवी. मोठ्या साहेबांना सुचवावं का?

सुचवलं नाही. मनात वाक्य तीनदा जुळवलं, तोवर ते निघून गेले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

विसावा अर्ज. ज्यांचा आहे त्यांना सगळे 'परतपाहू' म्हणतात. वय त्रेपन्न. इंधनाच्या नळ्या जिथे जोडतात त्या सांध्यांत रबरी वायसर बसवायचं काम. बसवून झालं की म्हणतात, "परत पाहू या," आणि उघडतात. इतरांचा एक सांधा होतो तेव्हा त्यांचा अर्धा.

चुकांच्या रकान्यात त्यांना जागा पुरली नव्हती. मागे कागद जोडलाय. अकरा चुका, तारखेसकट. 'वायसर उलटा बसवला. स्वतः उघडला. परत बसवला.' 'पाना एक आटा जास्त फिरवला. वायसर चेपला. बदलला.' 'बोलण्याच्या नादात बसायची जागा पुसायची राहिली. आठवलं. उघडलं.' शंका राहते का? 'होय. रोज.'

"एवढ्या चुका कशा काय होतात?" मी विचारलं.

"एवढ्या म्हणजे? वर्षात चारशेच्या वर सांधे केले, मॅडम."

"बाकीच्यांची तर एकही नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. दुकानात चिल्लर मोजणाऱ्या लहान पोराकडे पाहावं तसे. "बाकीचे हुशार आहेत," म्हणाले.

"शंका राहते म्हणजे नेमकं काय होतं?"

"घरी जेवायला बसलो की कानात आवाज येतो. वायसर नीट बसला की टप् वाजतो. नाही बसला तर फस्. जेवताना मी दिवसभराचे टप् मोजतो. एखादा कमी भरला की दुसऱ्या दिवशी उघडून बघायचा."

"आणि उघडल्यावर चूक निघते?"

"दहांत एकदा."

मी लिहून घेतलं: दहांपैकी नऊ वेळा शंका निराधार.

गुण: शंभरातून चव्वेचाळीस गेले, दहा गेले. उरले सेहेचाळीस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लाल शिक्का मारला. पहिलाच. शाई जास्त लागली, 'स' भरून गेला. आधी तीन वेळा बेरीज केली होती. सेहेचाळीसच येतात.

मुलाखती सुरू झाल्या तेव्हापासून मीसुद्धा जेवताना कसलेतरी आवाज ऐकायला लागलेय. खणाचं कुलूप आज दोनदा पाहिलं. तसं रोजच दोनदा पाहते.

चार वाजता ते स्वतः आले. हातात टोपी. पास संध्याकाळी सहाला बंद होणार होता. "मॅडम, लाल तर लाल. कोठारात खोकी उचलीन. पण एक दिवस थांबता का? सातव्या सांध्याला परत पाहायचंय, आज तिथे दुसरी पाळी आहे. काल टप् आला नाही."

"तुम्ही सुपरवायझरना सांगितलं का?"

"सांगितलं. कालच पाळीच्या वहीत लिहा म्हटलं. ते म्हणाले, आता तरी निःशंक हो बाबा."

मी नियम काढून वाचून दाखवला. शिक्क्यानंतर त्या दिवशी सहाच्या पुढे प्रवेश नाही. अपवादाचा रकानाच नाही. "तुमच्या जागी येणारे पूर्ण शंभर गुणांचे आहेत," असंही सांगितलं. त्यांना धीर यावा म्हणून.

"कोण?"

गॉगलवाला, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "पोरगा चांगला आहे. त्याला म्हणावं, सातव्यापाशी हातमोजे घालून जा." आणि गेले.

मी तो निरोप दिला नाही. सशंक माणसाच्या सूचना पुढे पाठवायच्या की नाही, याबद्दल नियमात काही सापडलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बासष्टपैकी एकसष्ट निळे. मोठे साहेब म्हणाले, "छान निकाल." कक्षातल्या लोकांनीही महिनाअखेरपर्यंत हाच अर्ज स्वतःसाठी भरायचा आहे, याची आठवण दिली. माझा जेमतेम सुरू केलेला अर्ज खणात पडलाय. थकवा आलाय. आई म्हणते, डोळ्यांखाली काजळ उतरल्यासारखं दिसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज भरणीचा सराव होता. अतिथंड द्रव टाकीतून नळ्यांत सोडून पाहतात. सातवा सांधा फुसफुसला. गॉगलवाला शेजारी होता. हातमोजा काढून झडपेची खूण पाहत होता. उजव्या हाताची दोन बोटं गारठून पांढरी पडली, मेणासारखी कडक झाली. रुग्णवाहिका आमच्या न उघडणाऱ्या खिडकीसमोरून गेली.

सातवा.

काही लिहवत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकशी समिती नेमली. तीन जण. सोमवारी मला बोलावलंय. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. "आपला कक्ष सुटला. त्या माणसाला आपण आधीच लाल ठरवलं होतं. सांधा त्यानेच बसवलेला. अकरा चुका त्याच्याच अक्षरात. तुम्ही फक्त फाइल दाखवायची."

सुपरवायझरही येऊन गेले. आवाज खाली. "म्हातारा चांगला होता हो, पण हाताची सफाई गेली. तुम्ही वेळेत ओळखलंत."

परतपाहूंना घरी बसवलंय. बडतर्फी होईल म्हणतात. निवृत्तीला पाच वर्षं होती.

चूक त्यांचीच, हे खरं आहे. सांधा त्यांनी बसवला आणि तो नीट बसला नाही. पण ती चूक त्यांना ठाऊक होती. हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

२२ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यात गेले. गॉगलवाल्याचा हात पांढऱ्या बोळ्यासारखा बांधलेला. चष्मा उशाशी. डॉक्टर म्हणतात, एक बोट वाचेल.

"या मॅडम. आता लघुशंकेलाही माणूस लागतो बघा."

मला रडू आलं. तोच मला समजावायला लागला. मग मी निरोपाचं सांगितलं. हातमोज्यांचं. त्याने डाव्या हाताने उशाशीचा चष्मा उचलला, परत ठेवला.

"मी कदाचित ऐकलंही नसतं," म्हणाला. "आम्ही त्यांना हसायचो. पण मॅडम, एक सांगू? माझ्या चार चुका होत्या गेल्या वर्षी. लिहिणार होतो. सुपरवायझर म्हणाले, एकानं लिहिल्या की सगळी पाळी बसते. फळ्यावर शब्द लिहिला, म्हणाले, हाच उतरवा. निरंख. मला वाटलं साहेबी भाषेत माफी असेल."

निरंख.

तिथून चालत घरी आले. बसचं लक्षातच आलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी समितीने फाइली मागवल्या, त्याआधी मी चौकशीसाठी कक्षात जमा झालेली पाळीची वही पाहून घेतली. बारा फेब्रुवारी. 'उरलेलं काम' या रकान्यात सुपरवायझरच्या ठळक अक्षरात एकच शब्द: निरंख. परतपाहूंनी सांगितलेल्या सातव्या सांध्याबद्दल अक्षर नाही.

मग अर्जांचा गठ्ठा उघडला. एकोणीस जणांनी एकच चूक, एकाच दिवशी, एकाच फळ्यावरून उतरवली, याचा याहून मोठा पुरावा काय? आणि तो गठ्ठ्यात नाही. एकोणीस स्वच्छ, शुद्ध, बिनचूक 'निरंक'. माझ्या हातचे.

जावकबाई माझ्याकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"मला माहीत होतं," म्हणाल्या. "शाईच्या बाटलीचं झाकण उघडं होतं त्या दिवशी. मला वाटलं, पोरगी स्वतःचं काहीतरी झाकतेय. विचारलं नाही. इथे बावीस वर्षं काढलीत मी, न विचारून." मग हळूच, "सांगू नकोस. अधिकृत कागदावर खाडाखोड म्हणजे नोकरी जाते. तुझ्या घरात पहिली नोकरी ना ही?"

पहिली. पगार सुरू झाला तेव्हा आईने शाळेतलं काम सोडलं. तिचे गुडघे आता जमिनीला टेकत नाहीत.

दुपारी समितीपुढे गेले. मधोमध पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. लाल शिक्का कसा ठरला ते विचारलं. मी बेरीज सांगितली. त्यांनी लिहून घेतलं. "ठीक आहे, जा," म्हणाल्या.

मी दारापर्यंत गेले. आणि परत आले.

कसं बोलले ते आठवत नाही. मोठे साहेब मध्येच "अहो, अहो" म्हणाले, तेवढं आठवतं. त्या बाईंनी वरचा अर्ज उचलला, उजेडात तिरका धरला आणि 'क'वर नख फिरवलं. पांढरा पापुद्रा उडाला. खाली 'ख' होता. दुसरा अर्ज. खाली 'ख'. खोलीत फक्त नखाचा आवाज. एकोणीस वेळा खरवडून त्यांनी पाळीची वही शेजारी ठेवली.

"आणि विसावा?"

"त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिलंय. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही."

असलं काही मला त्या वेळी का बोलावंसं वाटलं, कोण जाणे.

"असे शुद्ध केलेले कागद आणखी किती आहेत तुमच्या कक्षात?"

"माझ्या हातचे एवढेच." मग म्हटलं, "पण परत पाहावं लागेल."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शिक्के आणि खणाची किल्ली मोठ्या साहेबांनी काढून घेतली. माझ्याबद्दलचा निर्णय माझा वार्षिक अर्ज आल्यावर. "जे इतरांना तेच तुम्हाला," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

आता खणही नाही, कुलूपही नाही. तरी फाटकापाशी पोचल्यावर वळून पाहिलंच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

परतपाहूंना दोन दिवसांचा पास मिळाला, पहारेकऱ्यासोबत. सगळे सांधे उघडून पाहायचे. सुपरवायझर रजेवर आहेत, रजा कोणी दिली कळत नाही. एकसष्ट निळे अर्ज पुन्हा भरून घेणार आहेत. कक्षात फोन आला. जावकबाईंनी माझ्यापुढे धरला.

"मॅडम, नववाही फस् निघाला. माझा नाही, दुसऱ्याचा. सांगून ठेवतो, नाहीतर माझ्यावर लावाल."

"तुमचं बडतर्फीचं काय झालं?"

"अजून कागद नाही. आज हातात पाना आहे तेवढं बघतो." मागून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. "ते गॉगलचं बोट वाचलं का हो?"

"एक."

तिकडे पाना लोखंडावर टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चला, परत पाहू या." आणि फोन ठेवला. हे वाक्य ते माझ्याशी बोलले की सांध्याशी, कळलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

खणातला अर्ज मोठ्या साहेबांकडून मागून घरी आणला. जेवणाआधी भरायला बसले.

झोपेपुढे 'समाधानकारक' लिहून ठेवलं होतं, बहुतेक महिन्याच्या सुरुवातीला. पांढरी शाई नको म्हणून सरळ रेघ मारली आणि शेजारी 'नाही' लिहिलं. खोडलेलं दिसत राहू दे.

चुकांचा रकाना पुरला नाही, मागे कागद जोडला. जावकबाई म्हणाल्या होत्या की एकोणीस अक्षरं म्हणजे एकच चूक धर, गुण वाचतील. पण हात एकोणीस वेळा चालला होता. एकोणीस वेगवेगळ्या लिहिल्या. विसावी: निरोप दिला नाही. लाल शिक्का चूक धरायचा की नाही, हे ठरेना. बेरीज तर बरोबर होती. शेवटी तो शंकेच्या रकान्यात घातला.

बाबा समोर येऊन बसले. "काय लिहिलंस एवढं?"

वाचून दाखवलं. सगळं. तारखांसकट. आई भांडी ठेवून दारात उभी राहिली.

"मग किती झाले?" बाबांनी विचारलं.

"वीस चुकांचे ऐंशी गेले. शंकेचे दहा गेले. उरले दहा."

"शंभरात?"

"शंभरात."

"म्हणजे नापास?"

"नापास."

आई म्हणाली, "शाळेत दुसरी बाई ठेवलीय त्यांनी. पण पायऱ्या धुवायला अजून कुणी मिळत नाहीये म्हणे." आणि आत गेली.

बाबांना अक्षर येत नाही. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि ओळींवरून अंगठा फिरवत खाली आले, पोत्यावर शिलाई कुठे उसवलीय ते चाचपतात तसे. शेवटच्या ओळीवर थांबले.

"हे काय आहे?"

"काम संपल्यावर मनात शंका राहते का? त्याचं उत्तर. होय."

त्यांनी अंगठा तिथून उचलला नाही.

"परत वाच," म्हणाले.